इंजिनाची बैठक

मी अकोले तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. या कार्यक्रमात आपण शेळीपालनावर बोललो, परसबागेवर बोललो, बँकेच्या कर्जावर तर कितीदा बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय आहे का? आज आपण बोलणार आहोत गाडीच्या पोटाखालच्या दोन वस्तूंवर. एक, इंजिनाखालचा क्रॉस मेंबर आणि दुसरी, इंजिनाचं फाउंडेशन.

हा विषय घ्यायचं कारण साधं आहे. आता पुष्कळ गटांकडे आणि ग्रामसंघांकडे स्वतःची गाडी आली आहे. कुणी कर्ज काढून घेतली, कुणी जुनी घेतली. गाडी गटाच्या नावावर असते, हप्ता गट भरतो, पण गॅरेजात गेल्यावर बोलणं होतं ते चालकाशी नाहीतर कुणाच्या तरी मालकांशी. आपल्यासमोर येतं ते फक्त बिल. आणि बिलावर लिहिलेलं असतं, ‘वेल्डिंग काम’. कशाचं वेल्डिंग, का केलं, पुन्हा करावं लागेल का, हे कुणी विचारत नाही. ज्या वस्तूचे पैसे आपण भरतो, ती वस्तू आपल्याला कळली पाहिजे. एवढ्यासाठी आजची ही गप्पा.

आधी गाडीचा सांगाडा समजून घेऊ. पिकअप, जीप, ट्रक या गाड्यांच्या तळाशी एक लोखंडी सांगाडा असतो. त्याला चेसिस म्हणतात. शिडी आडवी ठेवली तर जशी दिसेल तसा तो दिसतो. पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. या आडव्या पट्ट्या म्हणजे क्रॉस मेंबर. गॅरेजात नुसतं ‘मेंबर’ म्हणतात. हौदा, केबिन, चाकं, इंजिन, सगळं या शिडीला धरून असतं. काही गाड्यांत इंजिन थेट लांब पट्ट्यांवरच्या ब्रॅकेटवर बसतं, काहींत इंजिनाखालच्या मेंबरवर. गिअर बॉक्सखाली मात्र बहुतेक गाड्यांत वेगळा मेंबर असतोच.

आता इंजिन त्या लोखंडावर नुसतं ठेवलं आणि बोल्ट आवळले, तर काय होईल? इंजिनाचा थरथराट सगळ्या गाडीत जाईल. अगदी सुरुवातीच्या मोटारींत असंच असायचं. १९३१ साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर तोलून बसवलं आणि त्याची मोठी जाहिरात केली, कारण गाडीतला थरकाप एकदम कमी झाला. आज आपल्या प्रत्येक गाडीत इंजिन रबरावरच बसतं. दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये जाड रबर घट्ट चिकटवलेलं असतं. वरची पट्टी इंजिनाला, खालची चेसिसला. यालाच इंग्रजीत इंजिन माउंट म्हणतात आणि आपल्याकडचे मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतात. मला तर हा शब्द फार आवडतो. घराचा जसा पाया, तसा इंजिनाचा पाया.

अशी फाउंडेशनं बहुधा तीन असतात. इंजिनाच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक आणि मागे गिअर बॉक्सखाली एक. तीनच का? आपल्या चुलीला दगड किती असतात? तीन. जमीन वर-खाली असली तरी तीन दगडांवर पातेलं डुगडुगत नाही. चार दगड मांडले की एखादा कमी-जास्त झालाच म्हणून समजा. गाडीचंही तसंच आहे. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात गेलं की चेसिसला पीळ पडतो. एक पाय खाली सुटलेली खाट जशी तिरकी होते, तशी. इंजिन तीन ठिकाणी आणि तेही रबरावर बसलेलं असल्यामुळे हा पीळ इंजिनाच्या ओतीव अंगापर्यंत पोचत नाही. पोचला असता तर ते तडकलं असतं.

म्हणजे फाउंडेशनची कामं तीन. वजन पेलणं, थरथर गिळणं आणि तिसरं सगळ्यांत अवघड काम, इंजिनाला उलटं फिरू न देणं. हे तिसरं काम नीट समजून घ्या, कारण डोंगरात चालणाऱ्या गाडीचं फाउंडेशन तिथेच तुटतं.

तुम्ही जात्यावर बसून दळता, तेव्हा जातं जागचं हलू नये म्हणून पायाने दाबून धरता की नाही? खुंटा फिरवला की खालची तळीही त्याच्याबरोबर ओढली जाऊन जागची सरकायला बघते. इंजिनही असंच जागचं हलायला बघतं, फक्त ते चाकं फिरवतं तेव्हा स्वतः उलट्या बाजूला कलायला बघतं. त्याला धरून ठेवतं ते फाउंडेशन.

हा जोर किती असतो, याचा एक ढोबळ हिशेब करू. समजा इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर आहे. मध्यम डिझेल पिकअपचा साधारण एवढा असतो. पहिल्या गिअरात तो सुमारे चौपट होतो, म्हणजे ८००. डाव्या-उजव्या फाउंडेशनमध्ये अर्धा मीटर अंतर धरलं, तर एका बाजूला वर उचलणारा जोर येतो १६०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १६० किलो वजनाइतका. दुसऱ्या बाजूला तेवढाच खाली दाबणारा. गाडी फोर बाय फोर असेल आणि चढाला लो गिअर टाकला, तर हाच जोर आणखी दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. सपाट डांबरी रस्त्यावर वरच्या गिअरात गाडी पळते तेव्हा हा ताण थोडा असतो. म्हणून संगमनेरच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीचं फाउंडेशन वर्षानुवर्षं टिकतं आणि तीच गाडी आपल्या डोंगरवाटांवर घातली की लवकर जातं.

आणखी एक गोष्ट. रबराला दाबलेलं सोसतं, ओढलेलं सोसत नाही. बहुतेक गाड्यांत पुढे जाताना इंजिनाची डावी बाजू उचलली जाते. त्यामुळे डावीकडचं रबर लोखंडापासून सुटतं. रिव्हर्स टाकला की जोर उलटा होतो. चिखलात रुतलेली गाडी काढताना आपला चालक पुढे-मागे, पुढे-मागे करतो ना, तेव्हा त्या रबराचे हाल कसे होत असतील, बघा.

फाउंडेशन तुटलं तर काय होतं? जगातलं एक मोठं उदाहरण सांगते. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीला सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तोवरची ती अमेरिकेतली सगळ्यांत मोठी परत-बोलावणी होती. कारण काय? रबराचं फाउंडेशन सुटलं की इंजिन एका बाजूने उचललं जायचं, अॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जायची आणि चालकाने पाय काढला तरी गाडी वेग घ्यायची. ब्रेकला मदत करणारी नळीही निसटू शकायची. कंपनीने उपाय काय केला? इंजिन ठरावीक मर्यादेपलीकडे उचललं जाऊ नये म्हणून लोखंडी दोराचा एक आवर बसवला. वस्तू लहान, पण जिवाशी गाठ.

आता आपल्याकडचं सांगते. मी काम करते त्या भागातल्या एका गटाने जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. पश्चिमेकडच्या वाड्यांवरून भात, नागली, हिरडा खाली आणायचा आणि येताना खत, बियाणं, किराणा न्यायचा. गाडी चालवणारी गटातलीच एक ताई. पावसाळ्याच्या तोंडाशी तिची तक्रार सुरू झाली, की क्लच सोडला की खालून धप्प असा आवाज येतो आणि गिअरचा दांडा हातात नाचतो. एक दिवस भरल्या गाडीने चढ चढताना गिअर आपोआप सुटला. गाडी मागे यायला लागली. ताईने ब्रेक दाबून धरला, सोबतच्या दोघींनी उड्या टाकून चाकामागे दगड लावले म्हणून निभावलं. बाजूला दरी होती, जास्त काही सांगत नाही.

गाडी खाली आणून उचलून बघितली, तर डावं फाउंडेशन दोन तुकडे झालेलं आणि गिअर बॉक्सखालचा मेंबर टोकाशी चिरलेला. त्या चिरेच्या शेजारी जुन्या वेल्डिंगचे तीन थर होते. म्हणजे आधीच्या मालकाने तीनदा डागडुजी केली होती आणि तीनदा मेंबर वेल्डिंगच्या कडेलाच पुन्हा चिरला होता. पिळाने मेंबर खाली गेला की गिअर बॉक्स खाली झुकतो, इंजिन पुढे उचलतं आणि गिअर सुटतो. सगळं एकमेकांत अडकलेलं.

त्या रात्री गटाची बैठक झाली. काहीजणींचं म्हणणं, भाताचा हंगाम तोंडावर आहे, पुन्हा एकदा वेल्डिंग मारा आणि गाडी चालू करा. त्यांचंही खरं होतं. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. गाडी चालवणारी ताई मात्र म्हणाली, “वेल्डिंगच्या भरवशावर मी चढाला गाडी घालणार नाही. तुम्ही पैसे मोजताय, मी बसणार आहे त्या गाडीत.” यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही. गटाने ठराव केला की काम एकदाच करायचं, पण पक्कं करायचं. अध्यक्ष आणि सचिव, दोघी स्वतः मिस्त्रींकडे जाऊन बसल्या. तिथे जे ठरलं आणि झालं, त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, आधी मेंबर आणि मग रबर. पुष्कळ ठिकाणी काय करतात, जास्त कडक फाउंडेशन आणून बसवतात आणि मेंबर तोच ठेवतात. रबर कडक झालं की ते थरथर गिळत नाही, पुढे ढकलतं. मग तो मार मेंबरवर येतो आणि मेंबर चिरतो. दुखणं एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात गेलं, एवढंच. म्हणून ज्यावर बसायचं ते आधी पक्कं करायचं.

दुसरी गोष्ट, मेंबर पक्का करायचा म्हणजे नुसता जाड करायचा असं नाही. घरी एक प्रयोग करून बघा. चपलांचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. झाकण काढून दोन्ही हातांनी पिळा, सहज पिळलं जातं. आता झाकण लावून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि पिळा. जमत नाही. पुठ्ठा तोच, जाडी तीच, पण पेटी बंद झाली. मेंबरचं तसंच आहे. उघड्या पन्हाळीसारख्या पत्र्यापेक्षा चारही बाजूंनी बंद पेटी पिळाला कितीतरी पटीने भारी पडते. मिस्त्रींनी नवा मेंबर मूळ मापाचाच ठेवला, पण खालून पट्टी मारून पेटी बंद केली आणि टोकांना कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या दिल्या. बंद पेटीत पाणी साठून आतून गंज चढतो, म्हणून खाली पाणी निथळायला भोक ठेवलं आणि आतून रंग फिरवला. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे ना? हे भोक विसरलं, तर बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं.

तिसरी गोष्ट, मेंबर चेसिसला जिथे मिळतो ती जागा. मेंबर पक्का झाला की ताण त्याच्या टोकांवर जातो. तिथे लहानशा जागेवर सगळा जोर आला तर उद्या चेसिसच चिरेल. म्हणून टोकाशी रुंद पट्टी देऊन जोर मोठ्या जागेवर पसरवायचा. चेसिसच्या लांब पट्टीत नवं भोक पाडायची वेळ आली, तर ते उभ्या अंगात पाडायचं. वरच्या किंवा खालच्या कडेला कधीही नाही. गाडी वाकते तेव्हा सगळ्यांत जास्त ताण त्या कडांवरच असतो. त्याच कारणाने चेसिसवर सरळ उभी, वरपासून खालपर्यंत जाणारी वेल्डिंगची रेघ मारायची नसते. आणि चेसिस नंबर ठोकलेला असतो त्या जागेला तर घासायचंही नाही.

चौथी गोष्ट, बोल्ट. बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो, ८.८ किंवा १०.९. तो त्याच्या ताकदीचा आकडा. आकडा नसलेला, दुकानात किलोवर मिळणारा बोल्ट इथे चालत नाही. पेटीसारख्या मेंबरमधून बोल्ट आरपार जात असेल, तर आत नळीचा तुकडा घालतात. नाहीतर बोल्ट आवळला की पेटी चेपते, चेपली की बोल्ट सैल होतो आणि सैल बोल्ट भोक लांबट करतो. खाली मोठा वायसर आणि लॉक नट. एवढं असलं की बोल्ट जागा सोडत नाही.

पाचवी गोष्ट, रबर कसं निवडायचं. बाजारात साध्या रबराची फाउंडेशनं मिळतात आणि पॉलियुरेथेनचीही मिळतात. पॉलियुरेथेन कडक असतं, तेल-डिझेलने सहसा खराब होत नाही, इंजिन कमी हलतं. पण थरथर जास्त जाणवते. रोज चार-पाच तास गाडी चालवणाऱ्या बाईच्या कंबरेचा विचार कोण करणार? शर्यतीच्या किंवा हौसेच्या गाडीला काहीजण रबर काढून लोखंडावर लोखंड बसवतात. ते आपल्या कामाच्या गाडीला नको. त्याने इंजिनाचे कान तुटतात. आमच्या गटाने मूळ मापाचं, चांगल्या प्रतीचं रबराचंच फाउंडेशन घेतलं, पण तिन्ही एकदम बदलली. एक नवं आणि दोन जुनी ठेवली, तर सगळा भार नव्यावर जातो. शेतातल्या कामाला एकच बैल ओढायला लागला तर तो किती दिवस टिकेल? आणि त्या अमेरिकन उदाहरणातला आवर आठवतो ना, तसा आवर आपल्या गाडीच्या फाउंडेशनमध्ये आहे का, हेही बघून घेतलं. काही फाउंडेशनांत लोखंडी खाच असते, रबर सुटलं तरी ती इंजिनाला धरून ठेवते. किमतीत थोडा फरक असला तरी असंच घ्यावं.

रबराचा एक मोठा शत्रू म्हणजे इंजिनातून गळणारं तेल. तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि कणकेच्या गोळ्यासारखं होतं. गळती तशीच ठेवून नवं रबर बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणं. आधी गळती काढा.

आता बसवताना काय बघायचं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली जायचं नाही. लोखंडी स्टँड लावूनच जायचं. यात घाई नाही आणि भीड नाही. इंजिन उचलताना जॅक थेट ऑइल चेंबरला लावला तर चेंबर चेपतो, म्हणून मध्ये रुंद लाकडी फळी घ्यायची. इलेक्ट्रिक वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, कारण आजच्या डिझेल गाड्यांत नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग असतात. डिझेलची नळी जवळ असेल तर ती बाजूला करायची आणि वाळूची बादली हाताशी ठेवायची. वेल्डिंग चालू असताना नवं रबर जागेवर नको, उष्णतेने त्याचा चिकटलेला जोड सुटतो.

फाउंडेशनचे बोल्ट आधी सैलच ठेवायचे. इंजिनाचं वजन खाली आलं, ते आपोआप आपल्या जागी बसलं की मग आवळायचे. आधीच आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि पहिल्या दिवसापासून फाटायला लागतं. शेवटी तीन अंतरं तपासायची. पंखा आणि रेडिएटर यांत पुरेशी जागा आहे का? पुढचा अॅक्सल वर उचलला गेला तर तो मेंबरला किंवा चेंबरला लागतो का? आणि गिअर बॉक्सची उंची पहिल्याइतकीच आहे का? मेंबर दोन बोटं खाली-वर झाला, तर मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो आणि महिन्याभरात त्याचे जोड वाजायला लागतात. आणि मेंबर खाली आला तर वाटेतला पहिला दगड त्यालाच लागणार.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदावर गाडीची जी माहिती आहे ती बदलेल असा फेरफार आपल्या मनाने करता येत नाही. चिरलेला मेंबर त्याच मापाचा नवा बसवणं ही दुरुस्ती झाली. पण चेसिस कापून दुसऱ्या जातीचं, जास्त ताकदीचं इंजिन बसवणं हा फेरफार, त्याला आरटीओची परवानगी लागते. शिवाय मालवाहू गाडीला फिटनेस लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. कुणी म्हणालं ‘होऊन जातं ताई’, तरी आपण कागद बघूनच हो म्हणायचं. अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा कागदच मागते.

आता पैशांचं. गटाला सगळ्यांत जड गेलं ते हेच, की एवढा खर्च केला आणि दिसत काहीच नाही. नवी सीट घातली तर दिसते, रंग मारला तर गाव म्हणतं गाडी छान झाली. मेंबर कुणाला दिसणार? पण हिशेब असा करा. समजा एका फेरीला खर्च जाऊन १,५०० रुपये राहतात आणि हंगामात गाडी दहा दिवस उभी राहिली, तर १५,००० रुपये गेले. त्यात ज्यांचा माल वेळेवर खाली गेला नाही, त्यांचं नुकसान वेगळं. म्हणून प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम घसारा निधी म्हणून बाजूला काढायची आणि ती अंतर्गत कर्जात फिरवायची नाही. गाडी रोज थोडी थोडी झिजते, तर तिच्यासाठी पैसाही रोज थोडा थोडा साठला पाहिजे.

मैत्रिणींनो, यातलं प्रत्येक काम आपल्याला हाताने येणार नाही, यायची गरजही नाही. पण दर महिन्याला पाच मिनिटांत होणारी तपासणी कुणालाही येते. एक, इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडून डाव्या-उजव्या फाउंडेशनचं रबर बघा. चीर आहे का, फुगलंय का, तेलाने ओलं आहे का? दोन, गाडी जागेवर चालू ठेवून गिअरचा दांडा बघा. नेहमीपेक्षा जास्त नाचतोय का? तीन, क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना धप्प आवाज येतो का, हे चालकाला विचारा. चार, रेडिएटरच्या मागच्या झाकणावर पंखा घासल्याच्या खुणा आहेत का? पाच, मेंबरचे बोल्ट. यासाठी एक सोपी युक्ती आहे. बोल्ट आवळून झाले की नट आणि पट्टी या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, की समजा नट फिरलाय. नव्या कामानंतर पहिल्या ५०० किलोमीटरला सगळे बोल्ट एकदा मिस्त्रींकडून पुन्हा आवळून घ्या.

इंजिन किती उचलतं, हे बघण्यासाठी मिस्त्री ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच थोडा सोडायला लावतात. ही तपासणी त्यांनाच करू द्या. आणि त्या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही, बाजूलाच राहायचं. लेकरांना तर अंगणातच थांबवायचं.

हे सगळं एका वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, काय दिसलं, काय बदललं, कुणी बदललं. बचतीची वही आपण किती नीट ठेवतो, तशीच गाडीची वही ठेवायची. आणि गॅरेजात गेलात की चार प्रश्न विचारायला लाजू नका. तुटलेला भाग मला दाखवाल का? तो का तुटला? ज्यावर तो बसतो ती जागा तपासली का? आणि बोल्ट कुठल्या आकड्याचे घातले? आमच्या अध्यक्ष काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, पण त्यांनी हे चार प्रश्न विचारले, तेव्हा मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढून दिली आणि तुटलेलं रबर हातात ठेवून सगळं समजावून सांगितलं. चांगल्या मिस्त्रीला प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आवडतं.

ती पिकअप त्या हंगामात वाड्यावाड्यांवरून भात घेऊन खाली आली. गाडी चालवणाऱ्या ताईला मी विचारलं, फरक काय पडला? ती म्हणाली, “आता चढाला कान खाली लावून गाडी चालवावी लागत नाही.” खर्चाच्या वहीत हे वाक्य लिहायला रकाना नाही, पण ठराव करताना ते लक्षात ठेवावं.

तर या आठवड्यात एक काम करा. गटाची गाडी सपाट जागेवर उभी असेल, इंजिन बंद असेल, तेव्हा दोघी-तिघी मिळून पदर खोचा आणि बॅटरीच्या उजेडात खाली वाकून बघा. मेंबर कुठला, फाउंडेशन कुठलं, ओळखता येतं का बघा. काही शंका असेल तर ती लिहून ठेवा आणि पुढच्या मासिक बैठकीत सगळ्यांसमोर मांडा.

आजच्यापुरतं एवढंच. गाडी जपा, गाडी चालवणारीला जपा.